खाडीवरचा पूल

मोठेपणी कृतज्ञता जाणीवपूर्वक जोपासावी लागते, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील म्हणणे मनापासून पटले. मात्र आभार मानाव्यात अशा गोष्टींच्या रोज रात्री वहीत नोंदी करण्याचा त्यातील सल्ला सर्वांनाच मानवेल असे वाटत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मधील अभ्यासात एका गटाने १० आठवडे, आठवड्यातून एकदाच, आभार मानावेत अशा जास्तीत जास्त ५ गोष्टी लिहिल्या होत्या, आणि त्रासाच्या नोंदी करणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. रोजच्या धकाबुकीत आठवड्यातून एकदा एवढे तरी जमण्यासारखे आहे.

मला स्वतःला ही जाणीव एका लहान मुलीने करून दिली. मी गेली १८ वर्षे वसईहून चर्चगेटला नोकरीसाठी ये-जा करते. गेल्या श्रावणात लोकलमध्ये माझ्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर चारएक वर्षांची मुलगी होती. नायगाव सुटून खाडीवरचा पूल लागला, गाडीचा आवाज बदलला, तशी ती खिडकीच्या गजांना नाक टेकवून ‘आई, पाणी, केवढं पाणी!’ असे ओरडली आणि खालच्या होडीतला माणूस दिसेनासा होईपर्यंत त्याला हात हलवत राहिली. त्या पुलावरून मी हजारो वेळा गेले असेन, पण तिथे गाडीचा आवाज बदलतो हे मला त्या दिवशी प्रथम ऐकू आले. तेव्हापासून नायगाव सुटले की मी मोबाइल पर्समध्ये ठेवते आणि भाईंदर येईपर्यंत पाण्याकडे पाहते. भरती असली तर सोबतच्या मैत्रिणींनाही हाक मारून दाखवते.