ऑनलाइन असतो तो वर्ग, दवाखाना नव्हे

अमेरिकेत नोकरी सांभाळून घरबसल्या ऑनलाइन कोर्सने फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणारी, पुढचं शिकलेली नर्स) होता येतं, असं एका लेखात वाचलं. न्यू जर्सीत रात्रपाळी करत मी हेच शिकले, म्हणून कळकळीने लिहिते. व्याख्यानं, फार्माकॉलॉजी, असाइनमेंट सगळं घरून होतं. पेशंट तपासणं होत नाही. 2022 च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे किमान 750 तास प्रत्यक्ष रुग्णसेवा लागते, आणि तिथे शिकवणारा प्रीसेप्टर बऱ्याच कोर्सेसमध्ये आपणच शोधायचा असतो. माझ्या विद्यापीठाने एक जुनी यादी हातात दिली आणि हात वर केले. पाळी संपली की पार्किंगमध्ये गाडीतच बसून मी क्लिनिकांना फोन लावायचे. चार महिने नकारच.

शेवटी एक बाई हो म्हणाल्या. पहिल्याच दिवशी चार वर्षांच्या मुलाच्या कानात ओटोस्कोप (कान तपासायची दुर्बीण) धरताना माझा हात थरथरत होता. त्यांनी माझी करंगळी अलगद त्याच्या गालाला टेकवली. मूल दचकलं तरी हात त्याच्याबरोबरच हलतो, कानाला इजा होत नाही. हे व्हिडिओ बघून हातात येत नाही हो.

प्रवेशाआधी प्रीसेप्टर कोण शोधणार ते लेखी घ्या, आणि तो कोर्स तुमच्या राज्यात चालतो का तेही विचारा. भारतातून येणाऱ्या मुलींनो, आधी एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) आणि आरएनचं, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं, लायसन्स, मगच हे.