बाळसाहबे यांची सही

कोपरखैरण्याच्या ज्या शाळेत मी नोकरी करते तिथे मला सगळे स्पेशलवाल्या मॅडम म्हणतात. नवीन शिपाईकाका आले तेव्हा पहिले चार दिवस माझ्यासाठी रोज आलं घातलेला वेगळा चहा यायचा, मला वाटलं काय मान आहे आपल्याला, पाचव्या दिवशी कुणीतरी त्यांना सांगितलं की अहो ह्या चहावाल्या स्पेशल नाहीत, मुलांच्या स्पेशल आहेत. चहा बंद.

तर नेमणूकपत्रानुसार मी स्पेशल एज्युकेटर आहे, म्हणजे ज्या मुलांना वाचायला लिहायला अडतं त्यांना शिकवणं हे माझं काम. प्रत्यक्षात मी सह्या गोळा करते. रोज सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडायची, दिघा, ऐरोली, रबाळे करत कोपरखैरणेला उतरायचं, आणि गेटवर उभं राहून रिक्षातून पोरं उतरवणाऱ्या आयांना गाठायचं, ताई एक मिनिट, ताई फक्त सही. हल्ली मला लांबून बघितलं की आया पदर सावरून पलीकडच्या फुटपाथने जातात, वर्गणीवाल्यांना बघून लोक जातात ना तशा.

कागदच तेवढे आहेत हो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि ते २१ झाले, त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे अध्ययन अक्षमता आली, आणि ते फार चांगलं झालं, हे मी मनापासून म्हणतेय. कारण हुशार पोरगं, तोंडी विचारलं तर धडाधडा सांगणारं, कागदावर आलं की त्याची अक्षरं इकडची तिकडे पळतात, अशा पोराला आधी फक्त फटके मिळायचे, आता सर्टिफिकेट असलं तर पेपरला तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. पण सर्टिफिकेटसाठी तपासणी, तपासणीसाठी पालकांची संमती, आणि संमती म्हणजे फॉर्म. आमच्याकडचा फॉर्म चार पानी आहे. इंग्रजीत. आणि चौथ्या पानावर शेवटी एवढीच एक ओळ मराठीत, "वरील सर्व माहिती मला समजेल अशा भाषेत सांगण्यात आली असून माझी त्यास संमती आहे." मी ह्या ओळीवर आत्तापर्यंत त्रेचाळीस सह्या घेतल्यात. त्यातल्या निम्म्या गेटवर, रिक्षाच्या हँडलवर कागद ठेवून. पालकांना वाटतं हे पण अपारचंच, म्हणजे मुलांच्या त्या ओळख क्रमांकाचंच काहीतरी असणार. अपारचा तो बारा आकडी नंबर काढताना संमतीच्या कागदांचा एवढा गठ्ठा गेला होता घरोघरी की तेव्हापासून शाळेचा कागद दिसला की लोक खिशातून पेन काढून मोकळे होतात, कशाचा कागद ते विचारत नाहीत.

माझी नणंद अमेरिकेत आहे, शाळेतच काम करते, ती फोनवर सांगत होती की त्यांच्याकडे पहिली तपासणी करायच्या आधी पालकांची लेखी संमती लागतेच, आणि ती त्यांना त्यांच्या मातृभाषेत सगळं सांगूनच घ्यायची असं कायद्यात आहे. मी म्हटलं आमच्याकडे पण मातृभाषेतच घेतो, "इथे करा" हे आम्ही मराठीतच म्हणतो.

असो. मुद्द्यावर येते. सातवीतला एक पोरगा. वडील एपीएमसीत माथाडी, भाजी मार्केटला, म्हणजे मध्यरात्री कामावर, सकाळी उशिरा घरी आणि शाळेच्या वेळेत गाढ झोपलेले. आई म्हणाली ह्यांना विचारून करते. पुढच्या आठवड्यात म्हणाली हे झोपलेत. मग हे गावाला यात्रेला गेलेत, सातारकडे. यात्रा संपली तर गावातल्या कुणाचं तरी लग्न निघालं. इकडे ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब रोज विचारतात मॅडम तुमच्या त्या पोराचा फॉर्म, जसं काही पोरगं माझंच आहे.

शेवटी मी फॉर्म पोराच्याच हातात दिला, म्हटलं बाबांची सही आण. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फॉर्म माझ्या टेबलावर, कोपरे दुमडलेले, आणि चौथ्या पानावर सही. एकदम ठसठशीत, निळ्या पेनात, शिरोरेघ पट्टीने मारलेली.

"बाळसाहबे".

मी ती सही बघून पाच मिनिटं तशीच बसले. सहा महिने मी ह्या पोराची वही बघतेय. काना सोडायचा आणि मात्रा एक अक्षर पुढे टाकायची, ही पद्धत अख्ख्या नवी मुंबईत एकाच माणसाची आहे. त्याला बोलावलं. म्हटलं, ही बाबांची सही? म्हणाला हो. म्हटलं, बाबा पट्टीने रेघ मारतात? तर म्हणतो, हो, तुम्हीच सांगितलंय ना मॅडम रेघ सरळ यायला पाहिजे.

आता खरं सांगू का, रागवायला पाहिजे होतं, पण मला आतून असं भरून आलं की विचारू नका. हा पोरगा तीन अक्षरांच्या पुढचा शब्द लिहायला सांगितला की बाथरूमला जातो. आणि इथे त्याने पाच अक्षरं, कुणी न सांगता, घरी बसून, स्वतःहून लिहिली होती. एवढा प्रयत्न तर मी घेतलेल्या एकाही चाचणीत त्याने केला नव्हता. आणि ज्या कारणासाठी तपासणी करायची ते कारण संमतीच्या रकान्यातच स्वच्छ लिहून आलं होतं, मानसशास्त्रज्ञांची गरजच काय. पण भाऊसाहेबांना हे कोण सांगणार. ते फॉर्म बघून म्हणाले, सही चालेल हो, पण आधारवर नाव बाळू आहे.

म्हणून मग शाळा सुटल्यावर मी स्वतःच त्यांच्या चाळीत गेले. सगळी सातारची घरं, दारात तुळस, दोरीवर माथाडीचा रुमाल वाळत टाकलेला. वडील आतल्या खोलीत झोपलेले, आई पिठाच्या गिरणीत. आजी होती. मी म्हटलं आजी, एका कागदावर सही पाहिजे होती, बाळूदादांना उठवता का. आजी म्हणाली, "रातभर पाट मोडून आलाय त्यो. बस की जरा. आन् काय लिवलंय ते वाच तवर."

मी म्हटलं, आजी, लांबलचक आहे, इंग्रजीत आहे.

"मग मराटीत सांग. तुला येतं न्हवं?"

आली का पंचाईत. कारण त्रेचाळीस सह्या घेतल्या तरी तो फॉर्म मी पहिल्या पानाच्या पुढे कधी वाचलाच नव्हता. म्हणजे वरवर, रकाने बघितले होते. आता जमिनीवर मांडी घालून, आजीने पुढे केलेला चहा घेत (इथे मात्र आलं होतं), एकेक ओळ लावत सुरू झाले. आणि आजी मधे मधे थांबवायची. पोराला येडा ठरवणार का? नाही आजी, उलट बुद्धी चांगली आहे असंच बघतात. रगत काडतात का? नाही. कागद कुणाकडं ऱ्हाणार? शाळेत, कपाटात. "कपाटाला कुलूप हाय का?" मी गप्प. कपाटाला कुलूप आहे, किल्ली कुलपालाच असते. उद्या ह्याचं लगीन ठरवताना कुणी ह्यो कागद काढील का? ह्याचं उत्तर तिसऱ्या पानावर सापडलं, माहिती पालकांच्या परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. आणि मग, "समजा आज व्हय म्हनलं आन् उद्या न्हाई वाटलं, तर फिरवता येतंय का?" मी म्हणणार होते नाही, आणि पान उलटलं तर कलम सातमध्ये साफ लिहिलेलं, संमती केव्हाही मागे घेता येईल. केव्हाही! मी त्रेचाळीस जणांपैकी एकालाही हे सांगितलं नव्हतं. मला घाम फुटला, आजीला वाटलं चहा गरम आहे.

दीड तास लागला. तोवर बाळूदादा उठून दारात उभे राहून सगळं ऐकत होते. खाली बसले, डोळे चोळले, आणि विचारलं कुठलं नाव टाकू, आधारवर बाळू, माथाडी बोर्डात बाळासाहेब, टोळीत बाळ्या. आधारचं टाका म्हटलं. सही करताना त्यांची नजर शेजारच्या पट्टी मारलेल्या सहीवर गेली. त्यांनी पोराकडे बघितलं, पोराने छताकडे. "रेघ लय सरळ मारलीय," एवढंच म्हणाले.

मी उठले तर आजी म्हणाली, ह्याची झेराक्स आणून दे आमाला. इतक्या वर्षांत झेरॉक्स मागणारी ही पहिली. नाक्यावर जाऊन आणून दिली, तिने ती रेशन कार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली.

आणि तीन आठवड्यांनी व्हायचं तेच झालं. भाऊसाहेब म्हणाले मॅडम, त्या पोराचा फॉर्म सापडत नाहीये. ज्या कपाटाला किल्ली लागलेली असते त्याच कपाटातून गेला. झेरॉक्स असली तरी चालेल म्हणाले.

परत चाळ. आजीने सगळं ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही, ट्रंक उघडली, पिशवी काढली आणि मांडीवरच धरून ठेवली. मग नातवाला हाक मारली, भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि म्हणाली लिव, मॅडमनी कागद न्येला, परत आनून देनार. पोरगं जीभ बाहेर काढून लिहीत बसलं, आधी पट्टीने रेघ, मग अक्षरं. मग पान माझ्यासमोर आलं.

"मडॅमनी कगदा नेला. परत अणूनदे णार."

"हितं कर सही," आजी म्हणाली.

मी मडॅमच्या खाली सही केली. पानाच्या दुसऱ्या बाजूला काय छापलंय ते मात्र आधी उलटून बघून घेतलं. एकादशी होती.