राधानगरीचे दरवाजे आणि टीव्हीवरचं प्रश्नचिन्ह

मागं एका पावसाळ्यात रात्री साडेअकराला पुण्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. रडतच बोलत होती. "आईला घेऊन कुठं आहेस? टीव्हीवर कोल्हापूर बुडालेलं दाखवतायत." आई माझ्यासमोर चादर घेऊन गाढ झोपलेली. बाहेर जुलैत पडतो तसाच पाऊस. कोल्हापूरच्या पुराची पातळी जिथं मोजतात त्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे ३९ फुटांच्याही खाली होतं.

टीव्ही लावला. लाल पट्टी धावत होती, 'राधानगरीचे दरवाजे उघडले, कोल्हापूर पाण्याखाली?' वर छातीएवढ्या पाण्यातून चाललेली होडी. होडीच्या मागं एका दुकानाची पिवळी पाटी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. ते दुकान २०१९ च्या महापुरानंतर बंद पडलं, पाटीही कधीच उतरली. म्हणजे चित्रण २०१९ चं. कोपऱ्यात तारीख नाही, 'संग्रहित' एवढा शब्दसुद्धा नाही.

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी भोगावतीत आणि पुढं पंचगंगेत येतं. ही बातमी महत्त्वाचीच आहे. नदीकाठच्या माणसाला ती मिळायलाच पाहिजे. पण तिच्याबरोबर किती दरवाजे, किती वाजता, गगनबावड्याकडं पाऊस किती, कुंभी-कासारी नद्यांना पाणी किती आणि बंधाऱ्यावर पातळी चढतेय की उतरतेय, हेही सांगायला नको का? ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे समोर असले की माणूस आपलं आपण ठरवतो. नुसतं 'पाण्याखाली?' ऐकलं की धावत सुटतो.

तसाच धावला माझा एक दोस्त. शाहूपुरीत कुंभार गल्लीत त्याचा गणपतीचा कारखाना. ती पट्टी बघून त्यानं रात्री एक वाजता टेम्पो बोलावला. आम्ही सहा-सात जणांनी पहाटेपर्यंत मूर्ती हलवल्या. रंग न दिलेली, अर्धी ओली मूर्ती उचलणं काय असतं ते तिथं कळलं. कुठं बोट निखळलं, कुठं सोंडेला चीर गेली, एका मोठ्या मूर्तीचा कान माझ्याच हातात आला. सकाळी गल्ली कोरडी ठणठणीत. दोस्त पायरीवर बसून तुटलेली बोटं एका ताटात गोळा करत होता. मला म्हणाला, "भावा, पाणी आलं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं."

खरी भीती पुढंच आहे. त्यानंतर पंधरा दिवसांनी महापालिकेची रिक्षा स्पीकरवरून सामान वर घ्या म्हणून ओरडत आली, तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं जागची हलली नाहीत. "रोजचंच हाय ह्यांचं." त्या वेळी पाणी थोडक्यात फिरलं. पण खोट्या आरोळ्यांनी खऱ्या आरोळीची किंमत घालवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुराच्या गावात ही चैन परवडत नाही.

सगळे म्हणतात, टीआरपीमुळं होतं. तेवढंच असतं तर बरं झालं असतं. टीआरपी घोटाळ्याचा आरोप झाल्यावर ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांचे रेटिंग जाहीर होणंच बंद होतं. आपला २०२१ चा महापूर नेमका त्याच काळातला. तेव्हा तरी आवाज खाली आला होता का, आठवून बघा. मला नाही आठवत. ओरडण्याची सवयच जडली आहे. २६/११ च्या वेळी सुरक्षा दलांच्या कारवाईचं थेट प्रक्षेपण केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात वाहिन्यांना किती कडक शब्दांत सुनावलं होतं! तरीही एवढंच शिकले.

यात आपला हातही आहेच. त्या रात्री तो होडीचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकला होता, आणि त्यातले दोघं कोल्हापुरातच होते. गच्चीवर जाऊन खाली बघितलं असतं तरी पुरलं असतं.

आणि सगळ्या पत्रकारांना एका माळेत ओवू नका, ही विनंती. २०१९ ला महामार्ग बंद, वीज नाही, पेट्रोल नाही, अशात इथली पोरं गुडघाभर पाण्यातून फिरून कुठल्या गल्लीत कोण अडकलंय ते कळवत होती. त्यांच्या बातमीवर होड्या गेल्या. त्यांनाच आज वरून फोन येतो म्हणे, 'जरा जास्त पाणी दिसेल अशा ठिकाणी उभा राहा.' एकानं मला हे स्वतः सांगितलंय. सांगताना त्याची मान खाली होती.

वाहिन्यांकडं माझं मागणं एवढंच. पुराच्या प्रत्येक दृश्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण टाका. पातळी फुटात सांगा. आणि मथळ्यातलं ते प्रश्नचिन्ह काढा. माहीत असेल तर ठामपणे सांगा, नसेल तर विचारून या.

दोस्तानं आता कारखान्यातला टीव्ही काढून टाकलाय. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ आहे, तिच्याशेजारी खडूनं बंधाऱ्याजवळच्या कसबा बावड्यातल्या मेहुण्याचा नंबर लिहिलाय. पाऊस लागला की मेहुणा बंधाऱ्यावर जाऊन येतो आणि फोनवर फक्त आकडा सांगतो.