‘वजा चिन्ह एकदाही लिहिलं नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पूर्णांकांवरच्या माझ्या लेखाखाली आपण चार ओळी लिहिल्यात, आणि चारही वर्मी लागल्या. इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगते. आपण चाळीस वर्षं दालबाजारात गल्ल्यावर बसलात, वजा चिन्ह एकदाही लिहिलं नाहीत. तेव्हा ऋण संख्या हे शाळेतलं खूळ. उणे चार लाडू कुणी पाहिलेत? कर्जाला कर्जानं गुणलं की नफा होतो, हे कुठल्या दुकानदाराला पटेल? आणि शून्याचा जन्म ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर झाला, हे मी कशाच्या जोरावर लिहिलं?

शेवटचं आधी घेते, कारण तिथे चूक माझीच आहे. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला शिलालेख इ.स. 876 चा. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन 270 हात लांब, 187 हात रुंद, आणि रोज 50 माळा, असा त्यात हिशेब आहे. त्या 270 आणि 50 मधलं शून्य बघायला मी पाहुण्यांना हौसेनं घेऊन जाते. पण कंबोडियातल्या एका शिलालेखात 683 सालचं शून्य आहे, आणि गणिती ब्रह्मगुप्तानं तर शून्याशी करायच्या बेरीज-वजाबाकीचे नियम 628 मध्येच लिहून ठेवले होते. गावाच्या अभिमानात माझा हात सैल सुटला. लेखात दुरुस्ती केली आहे.

ऋण संख्या समजवायला मी लेखात दिलेली लिफ्ट आणि थर्मामीटरची उदाहरणंही वरवरची होती, मान्य. तळघराला उणे एक म्हणा नाहीतर ‘बी’ म्हणा, गाडी तिथेच लागते.

पण खतावणीचं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खात्यांच्या वहीचं, मात्र मी सोडणार नाही. वजा चिन्ह आपण लिहिलं नाहीत, कारण आपल्याला त्याची गरजच नव्हती. आपल्याकडे दोन बाजू होत्या, जमा आणि नावे, म्हणजे आलेले पैसे आणि उधारी. समजा एका गिऱ्हाइकाच्या खात्यात 900 नावे, 650 जमा. बाकी 250, त्यानं द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्यानं 100 ची डाळ उधार नेली आणि संध्याकाळी 100 आणून दिले. आता 1000 नावे, 750 जमा. आकडे दोन्हीकडचे बदलले, बाकी तीच. वरच्या वर्गातल्या गणितात पूर्णांकाची व्याख्या अगदी अशीच करतात, दोन संख्यांची जोडी म्हणून. ज्या जोड्यांची बाकी सारखी, त्या सगळ्या मिळून एकच पूर्णांक. आमच्या प्राध्यापकांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. वडिलांची वही उघडली तेव्हा कळलं. आणि ते 250 आपल्या वहीत येणं, गिऱ्हाइकाच्या वहीत देणं. रक्कम एकच, वही कुणाची यावर धन की ऋण ते ठरतं.

हे शब्दही बाजारातलेच. ब्रह्मगुप्तानं नियम लिहिले ते ‘धन’ आणि ‘ऋण’ याच नावांनी, आणि त्याच्यापुढेही आजची आडवी रेघ नव्हती. भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. गणिताच्या जुन्या बख्शाली हस्तलिखितात तर ऋणाची खूण आजच्या अधिक चिन्हासारखी दिसते! तेव्हा चिन्ह नव्हतं म्हणून संख्याही नव्हती, असं नाही.

गुणाकाराचा आक्षेप जास्त खरा आहे, आणि शाळेत तो नीट सोडवत नाहीत. कर्ज गुणिले कर्ज याला अर्थ नाहीच. पण पाच रुपये गुणिले तीन रुपये याला तरी कुठे आहे? ‘चौरस रुपया’ कुठल्या गल्ल्यात पडतो? तेव्हा दोष वजा चिन्हाचा नाही. गुणाकारात एक आकडा रकमेचा असतो, दुसरा ‘किती वेळा’चा. मुनीमजींनी एका गिऱ्हाइकाच्या नावे 50 रुपयांच्या तीन नोंदी चुकून टाकल्या. आपण त्या खोडल्यात. प्रत्येक नोंद त्याच्या दृष्टीनं उणे 50, आणि तीन नोंदी काढल्या म्हणजे उणे तीन वेळा. त्याची बाकी 150 नं सुधारली. अशा नोंदी चाळीस वर्षांत आपण कितीदा खोडल्या असतील!

राहिले लाडू. इथे आपल्या बाजूला साक्षात भास्कराचार्य उभे आहेत. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांचं एक कोडं आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, उरलेल्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा? उत्तरं दोन निघतात, 50 आणि 5. पन्नास सरळ आहे: दहातून तीन गेले सात, साताचा वर्ग 49, वर फांदीवरचं एक. पाच घेतले तर एकातून तीन जातात, म्हणजे उणे दोन माकडं. भास्कराचार्यांनी हे दुसरं उत्तर टाकून दिलं. व्यक्त राशी, म्हणजे प्रत्यक्ष आकड्यातली संख्या, ऋण झाली तर लोकांना ती पटत नाही, असं कारणही दिलं. उणे दोन माकडं त्यांनाही दिसली नाहीत, तर आपल्याला उणे चार लाडू कुठून दिसणार!

मला मात्र ते पाच टाकवत नाहीत. उणे दोनचा वर्ग चार. चार गुहेत, एक फांदीवर, पाचही माकडं जागच्या जागी.

आपली जुनी खतावणी माळ्यावर असेल तर एका पानाचा फोटो पाठवाल का? गिऱ्हाइकाचं नाव झाकून. शक्यतो खोडाखोड असलेलं पान.