चार्म ब्रेसलेट व्हिक्टोरिया राणीने शोधलं? नाही

चार्म ब्रेसलेट म्हणजे साखळीला छोटी लटकनं (चार्म) जोडलेलं ब्रेसलेट. ‘चार्म ब्रेसलेटची कल्पना व्हिक्टोरिया राणीची’ हे वाक्य सध्या सगळीकडे फिरतंय. ते अर्धवट आहे, आणि संग्राहकांची दिशाभूल करणारं आहे.

मनगटावर ताईत बांधायची रीत हजारो वर्षं जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये होरस देवाचा डोळा, स्कॅरब भुंगा असे ताईत जिवंत माणसं अंगावर घालत आणि मृतांसोबत ठेवतही. हेतू संरक्षणाचा होता, सजावट नंतरची.

राणीने काय केलं? या दागिन्याला प्रतिष्ठा दिली. १८४० मध्ये पहिली मुलगी झाल्यावर तिचा नवरा प्रिन्स अल्बर्टने तिला सोन्याचं ब्रेसलेट दिलं. त्यात मीनाकाम केलेली, हृदयाच्या आकाराची छोटी डबी होती आणि डबीत बाळाचे केस. पुढे प्रत्येक अपत्यामागे एक अशा नऊ डब्या जमल्या, शेवटची १८५७ मध्ये जन्मलेल्या बिअॅट्रिसची. मला तरी या दागिन्याइतकं हळवं ब्रेसलेट दुसरं माहीत नाही. पण ते उगमस्थान नव्हे. आणि पँडोरा या दागिन्यांच्या कंपनीचं चार्म ब्रेसलेट तर थेट २००० सालचं.

म्हणूनच ‘जुनं दिसतं म्हणजे व्हिक्टोरियन’ असं समजून पैसे मोजू नका. बाजारात फिरणारी बरीच जुनी ब्रेसलेट्स विसाव्या शतकाच्या मध्यातली असतात, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची मोठी लाट आली. चांदीवर ९२५ हा आकडा असला तर तो शुद्धता सांगतो, वय नाही. शिवाय साखळी आणि चार्म वेगवेगळ्या काळातले असू शकतात, कारण ही ब्रेसलेट्स वर्षानुवर्षं एकेक चार्म जोडतच भरत गेली. प्रत्येक चार्म उलटून, भिंगाखाली स्वतंत्र तपासा.