‘ओटीपीशिवाय एक रुपयाही कटत नाही’ म्हणे!

सोसायटीच्या नि शाळेच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या फॉरवर्डचा गोषवारा असा: ‘रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ओटीपीशिवाय एक रुपयाही कापता येत नाही. जुन्या मेंबरशिपचे पैसे कटले तर ती फसवणूक आहे, बँकेत अर्ज द्या, सात दिवसांत पैसे परत. पुढे कटू नयेत म्हणून ॲप डिलीट करा, खात्यात शिल्लक ठेवू नका, नाहीतर कार्ड ब्लॉक करून नवं घ्या.’

यातला शेवटचा सल्ला अर्धा खरा आहे. बाकीचे ऐकले तर पैसे जातातच, वर दंडही बसू शकतो.

‘ओटीपीशिवाय एक रुपयाही नाही’

ओटीपी लागतो, पण एकदाच, मँडेट देताना. मँडेट म्हणजे ‘ठरल्या वेळी माझ्याकडून पैसे घ्या’ अशी तुम्ही दिलेली कायमची परवानगी. पुढचे हप्ते १५,००० रुपयांपर्यंत असतील तर ओटीपी येतच नाही. ही मर्यादा रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या मूळ परिपत्रकात २,००० होती, जानेवारी २०२१पासून ५,००० झाली आणि जून २०२२मध्ये १५,०००. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३पासून १ लाखापर्यंत मुभा आहे. ओटीटी, ॲप किंवा ऑनलाइन क्लासची वर्गणी १५,००० ओलांडते कधी? म्हणजे तुमचा जवळजवळ प्रत्येक हप्ता ओटीपीविनाच कटणार, आणि ते नियमातच बसतं.

फॉरवर्डवाल्यांनी जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने मेसेज किंवा ईमेल पाठवणं बंधनकारक आहे. त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख आणि संदर्भ क्रमांक असतो, आणि नको म्हणायची सोयही. इथे दोन वेगळे पर्याय असतात: फक्त हा एक हप्ता थांबवणं आणि पूर्ण मँडेट रद्द करणं. पहिला दाबून ‘झालं बंद’ म्हणून लोक निवांत होतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे कटतात. खात्याला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल तर हा मेसेज तुमच्यापर्यंत येणारही नाही, म्हणून तो आधी बदलून घ्या. (फास्टॅग आणि मेट्रो-बसचं एनसीएमसी कार्ड आपोआप रिचार्ज होताना मात्र ही आगाऊ सूचना लागत नाही.)

‘पैसे कटले म्हणजे फसवणूक’

बहुतेक वेळा नाही, आणि याचं मूळ ‘फक्त २ रुपयांत ट्रायल’मध्ये असतं. यूपीआय ऑटोपेचा, म्हणजे यूपीआयवरून मँडेट देतानाचा, तो स्क्रीन नीट बघा. वर ठळक अक्षरांत २ रुपये. खाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम, समजा १,४९९ ‘पर्यंत’. त्याखाली वारंवारता. तिथे ‘मंथली’ असेल तर महिन्यातून एकदा. ‘ॲज प्रेझेंटेड’ असेल तर कंपनी मागेल तेव्हा. शेवटी मुदत, जी कधीकधी वीस-तीस वर्षांपुढची असते. आपण २ रुपये बघून पिन टाकतो, आणि तो पिन खालच्या तिन्ही ओळींनाही लागू होतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर शून्य भार, अशी तरतूद आहे. ती त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहारासाठी. तुम्हीच पिन टाकून दिलेलं मँडेट त्यात बसवायला गेलात, तर बँक नोंदणीचा पुरावा दाखवून अर्ज निकाली काढते. तक्रार फेटाळली जाते ती बऱ्याचदा याच चुकीच्या शीर्षकामुळे.

‘ॲप डिलीट करा’

ॲप फोनवर असतं, मँडेट बँकेत आणि वर्गणी कंपनीच्या सर्व्हरवर. फोनवरून ॲप काढल्याने बाकी दोघांना काहीच कळत नाही. वर्गणी कुठून घेतली होती त्यावर ती कुठे बंद करायची ते ठरतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर स्टोअर उघडून वर आपल्या फोटोवर टॅप करा, तिथे ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ आहे. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप केलं की ‘सबस्क्रिप्शन्स’ दिसतं. ट्रायल असेल तर मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा. कंपनीच्या वेबसाइटवरून घेतली असेल तर या दोन्ही याद्यांत ती दिसणार नाही, वेबसाइटवर लॉगिन करूनच रद्द करावी लागेल.

क्रम असा ठेवा: आधी कंपनीकडे वर्गणी रद्द, त्याचा ईमेल किंवा स्क्रीनशॉट जपून, मग मँडेट रद्द. यूपीआय असेल तर ज्या ॲपमधून दिलं त्याच्या ‘ऑटोपे’ विभागात; दोन-तीन यूपीआय ॲप वापरत असाल तर सगळ्यांत बघा. ‘पॉज’ म्हणजे रद्द नव्हे, ‘रिव्होक’ किंवा ‘कॅन्सल’ हवं. कार्डाचं मँडेट बँकेच्या वेबसाइटवरच्या ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’च्या दुव्यावरून. तो दुवा गूगलवर शोधू नका, बँकेच्या मुख्य पानावरूनच जा. खोटे कस्टमर केअरवाले नेमके अशा शोधातच टपून असतात.

‘खात्यात शिल्लक ठेवू नका’

हा सगळ्यांत घातक सल्ला. क्रेडिट कार्डाला शिल्लक हा प्रकारच नाही, तिथे तो निरर्थक. यूपीआयवर पहिला प्रयत्न फसला तर संपलं असं नसतं: ऑगस्ट २०२५पासूनच्या नियमानुसार एक प्रयत्न आणि वर तीन फेरप्रयत्न होऊ शकतात. मँडेट जिवंतच, पुढची तारीख आली की पुन्हा मागणी.

जिम, क्लास किंवा कर्जाचा हप्ता नॅचवर (बँक खात्यातून थेट हप्ता कापण्याची व्यवस्था) असेल तर दर बाउन्सला बँक स्वतःचा दंड लावते, वर १८ टक्के जीएसटी. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७च्या कलम २५नुसार शिल्लक नसल्याने असा हप्ता परत जाणं हा चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो.

जिमवाल्यांनी ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून वर्षाची फी भरून घेतली असेल तर कागद पुन्हा वाचा. तिथे वर्गणी नसून कर्ज असतं. फायनान्स कंपनीने जिमला पैसे आधीच दिलेले असतात. जिमला टाळं लागलं तरी हप्ता फायनान्स कंपनीला जातो, आणि तो थांबवला तर सिबिल (कर्जफेडीची पत) तुमचं बिघडतं, जिमवाल्याचं नाही.

‘कार्ड ब्लॉक करून नवं घ्या’

भारतात यात थोडं तथ्य आहे. १ ऑक्टोबर २०२२पासून इथल्या दुकानदार-कंपन्यांना कार्ड नंबर साठवता येत नाही, त्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजीचा सांकेतिक क्रमांक, असतं, आणि नव्या कार्डाला जुन्या कंपन्यांशी जोडायला तुमची स्पष्ट संमती लागते. पण एका वर्गणीसाठी कार्ड बदलायचं म्हणजे त्यावरचे विम्याचे नि विजेच्या बिलाचे मँडेटही पुन्हा द्यायचे. आणि ऑटोपे खात्यावर असेल तर कार्ड बदलून काहीच होत नाही. परदेशातल्या कार्डांची गोष्ट तर उलटीच: व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या अपडेटर सेवा नव्या कार्डाचा नंबर कंपनीला परस्पर पोचवतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांना हा फॉरवर्ड पाठवलात तर त्यांचं नुकसानच कराल.

‘सात दिवसांत पैसे परत’

सरसकट असा नियम नाही. पैसे मागायचे तर ‘फसवणूक’ न म्हणता ‘रद्द केल्यानंतरही कपात’ अशी तक्रार द्या. नॅच मँडेट बँकेकडे रद्द केल्यावरही पैसे कटले तर जबाबदारी तुमच्या बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत निपटारा, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. अर्जात मँडेटचा यूएमआरएन क्रमांक लिहा, तो स्टेटमेंटच्या तपशिलात सापडतो. कार्ड असेल तर चार्जबॅक मागा, म्हणजे बँकेमार्फत कंपनीकडून पैसे परत घ्या. व्हिसाच्या नियमांत ‘रद्द केलेली आवर्ती कपात’ असं स्वतंत्र कारण आहे आणि साधारण १२० दिवसांची मुदत. रद्द केल्याचा तो ईमेल इथे लागतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

कंपनीने रद्द करण्याचं बटणच लपवलं असेल तर ती वेगळी तक्रार, ग्राहक हेल्पलाइन १९१५वर. नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी स्क्रीनची रचना) मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणी रद्द करणं अवघड करून ठेवणं, नावानिशी आहे, आणि मोफत ट्रायलसाठी कार्डाचा तपशील सक्तीने मागणंही त्यात येतं.

आता विसरलेल्या वर्गण्या शोधायला स्टेटमेंट काढाल तेव्हा तीन महिन्यांचं काढू नका, तेरा महिन्यांचं काढा. वार्षिक वर्गणी वर्षातून एकदाच दिसते, तीही अनेकदा कंपनीच्या नावाने नाही तर पेमेंट गेटवेच्या (कंपनीसाठी पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाच्या) नावाने.