तापलेल्या गाडीचं झाकण ओल्या टॉवेलने उघडायचं नसतं

"मावशी, टॉवेल ओला करून घेतलाय. आता पाव फेरा फिरवू ना?"

भाच्याचा फोन होता. त्याच्या आवाजामागे सलग फुसफुस ऐकू येत होती आणि ती बोनेटखालून येतेय हे कळायला मला गाडी दिसायची गरज नव्हती. "हात लावू नकोस, आधी मागे हो!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. तो मागे सरला, म्हणून आज त्याचे दोन्ही हात धड आहेत.

हा पाव फेरा त्याला शिकवला ताईने घरच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजने. 'गाडी गरम झाली? मेकॅनिक विसरा, पाच मिनिटांत घरीच ठीक करा!' असा मथळा आणि खाली पाच उपाय. गेली वीस वर्षं मी माझ्या गाडीची देखभाल स्वतः करते, घरी काम करायला माझा विरोध नाही. पण हा मेसेज नवख्या पोरांना थेट भाजायला पाठवतोय, आणि लोक तो 'उपयुक्त माहिती' म्हणून पुढे ढकलताहेत.

पहिला उपाय असा: 'रेडिएटरच्या झाकणावर ओला टॉवेल धरा, पाव फेरा फिरवून वाफ जाऊ द्या, मग झाकण काढा.'

रेडिएटर म्हणजे इंजिनातलं गरम पाणी थंड करणारी जाळी. त्याचं झाकण म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. बऱ्याच गाड्यांत हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने, म्हणजे बाहेरच्या हवेच्याच दाबाएवढ्याने, जास्त असतो. पाणी आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवाचं) निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. एवढ्या दाबाखाली ते जवळपास १२९ अंशांपर्यंत द्रवच राहतं. म्हणजे इंजिन तापलेलं असताना आत ११५-१२० अंशांचा द्रव न उकळता कोंडलेला असू शकतो. झाकण सैल केलं की दाब उतरतो आणि तोच द्रव त्या क्षणी उकळायला लागतो. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. ती वाफ उरलेला उकळता द्रव ढकलत बाहेर येते, तुमच्या हातावर आणि तोंडावर. पाव फेऱ्याने वाफ 'निघून जात' नाही, उकळी सुरू होते.

आणि टॉवेल ओला कशासाठी? ओल्या कापडातून उष्णता कोरड्यापेक्षा लवकर हाताला पोचते, आणि उकळतं पाणी त्यात शिरलं की ते कातडीलाच चिकटून बसतं. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी कोणत्या तापमानाला त्वचा किती वेळात भाजते हे मोजलं होतं. ४४ अंशांला खोल इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांला जेमतेम पाच सेकंद, ७० अंशांला एक सेकंदही नाही. इथे गोष्ट शंभराच्या वरची आहे. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

पाव फेऱ्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे नाइलाजाने मान्य करते. जुन्या पद्धतीच्या झाकणाला पहिला थांबा असतो, आणि जाड कापड धरून आधी तिथपर्यंतच फिरवा असं गाडीच्या पुस्तिकांतही असतं. पण इंजिन थंड झाल्यावर! मेसेजने नेमकं तेच गाळलंय. शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांत दाबाचं झाकण आट्यांचं असतं आणि ते कूलंटच्या टाकीवर असतं, त्याला पाव फेऱ्याचा थांबाच नसतो.

मग करायचं काय? गाडी बाजूला घ्या, एसी बंद, इंजिन बंद, आणि थांबा. पाच मिनिटं नव्हे, निदान अर्धा-पाऊण तास, जमलं तर त्याहून जास्त. नंतर रेडिएटरच्या वरच्या होजजवळ, म्हणजे रबरी पाइपजवळ, हाताची मागची बाजू न्या. धग लागत नसेल तर होज दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे. हात, बाही, केस फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही इलेक्ट्रिक फॅन अचानक सुरू होतो.

दुसरा उपाय: 'बर्फाचं पाणी ओता, इंजिन लगेच थंड होतं.' तडकतं सुद्धा. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. एका बाजूने अचानक आकसलं की बाक येतो किंवा चीर जाते. कित्येक हेडना मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बाकही चालत नाही. मग हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सील, जाते आणि काम खरोखर घरच्या आवाक्याबाहेर जातं.

तिसरा: 'थर्मोस्टॅट काढून फेकून द्या.' का म्हणून? तो इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो नसला तर इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ लागतो, इंधन जास्त जातं, झीज वाढते. आणि काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट आतली आखूड वाट बंद करत असतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि गाडी आणखी तापते. शंका असेल तर तपासा ना! थंड इंजिनातून काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, थर्मामीटर ठेवा, पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, म्हणजे बहुधा ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे. उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला तर नवा आणा.

चौथा: 'कूलंट हा कंपन्यांचा धंदा, साधं पाणी पुरतं.' उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी मिश्रणापेक्षा सरस आहे, हे खरं. अडचणीच्या वेळी, इंजिन थंड झाल्यावर, पाणी भरून गाडी घरापर्यंत आणा, माझी हरकत नाही. पण ते लवकर उकळतं आणि त्यात गंज रोखणारी द्रव्यं नसतात. काढलेला कूलंट मात्र उघड्या भांड्यात ठेवू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जालीम विषारी असतं, मुलं आणि प्राणी ते पितात.

पाचवा, हीटर पूर्ण चालू करायचा सल्ला, बरोबर आहे. हीटरमध्येही एक छोटा रेडिएटर असतो, त्यामुळे गाडी बाजूला घेईपर्यंत थोडी उष्णता निघते. तेवढ्यापुरतंच.

भाच्याची गाडी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली, इंजिन थंडगार असताना. होज कोरडे, क्लिपा घट्ट, फॅन फिरत होता. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल स्वच्छ होतं. ते दुधाळ झालं असतं, म्हणजे त्यात कूलंट मिसळला असता, तर मी तिथेच थांबून गाडी ओढून न्यायला लावली असती. टाकीतली पातळी मात्र खालच्या खुणेच्याही खाली होती, आणि गळ्याभोवती गुलाबी पापुद्रा वाळून बसला होता. झाकण उलटं करून बघितलं तर आतलं रबराचं वॉशर कडक होऊन एका जागी उभं चिरलेलं. दाब धरलाच जात नव्हता, म्हणून कूलंट लवकर उकळून थोडा थोडा बाहेर जात होता. पुस्तिकेत दिलेल्या दाबाचं नवं झाकण लावलं, तिथेच सांगितलेला कूलंट खुणेपर्यंत भरला, हीटर चालू ठेवून हवा काढली.

आदल्या दिवशी तो ओला टॉवेल घेऊन याच झाकणापाशी उभा होता. ताईने ग्रुपवरचा मेसेज काढून टाकलाय. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल, त्यांनीही आजच काढावा.